उधारीच्या वहीत नाव आहे. डॉक्टरच्या वहीत आहे काय?

हरसूल म्हटले की पुष्कळांना छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचे हरसूल आणि तिथला तुरुंग आठवतो. आपल्याला बोलायचे आहे ते नाशिक जिल्ह्यातल्या, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या हरसूलविषयी. त्र्यंबक मागे टाकले की घाटवळणाचा रस्ता लागतो आणि मग बाजारपेठेचे हे गाव येते. एका अंगाला गुजरातची हद्द, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आणि सभोवती महादेव कोळी, कोकणा, वारली यांचे पाडे. किराणा, कापड, भांडी, चपला, शिलाई, वेल्डिंग, मोटारसायकल दुरुस्ती, भंगार या धंद्यांत आपले अनेक बांधव अशा गावांत पिढ्यान्‌पिढ्या बसले आहेत. गिऱ्हाईक पाड्यावरचे, माल नाशिकचा आणि हिशेब वहीवरचा, अशी ही दुकानदारी आहे.

या पानावर आपण भाव, कर, कर्ज, परवाने यांची चर्चा करतो. आज उन्हाची करू. ऊन हा धंद्याचा विषय कसा, असे कोणी विचारील. ज्याचा गडी मे महिन्यात दुपारी तीन वाजता पोती उतरवता उतरवता खाली बसला आहे, तो असे विचारणार नाही.

माझ्यावर हा प्रसंग आला आहे, म्हणून लिहितो. काही वर्षांपूर्वी भर उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी माझ्याकडचा एक जुना गडी टेम्पोतून माल उतरवत होता. वय पन्नाशीचे. सकाळपासून त्याने दोन वेळा चहा घेतला होता. पाणी किती प्याला ते कोणालाच ठाऊक नव्हते. अचानक तो असंबद्ध बोलू लागला, पाय लटपटले आणि तो कोसळला. माणसे जमली. एकाने कांदा फोडून नाकाला लावला. दुसऱ्याने फिट आली म्हणून चप्पल हुंगवली. तिसरा म्हणाला, गाडी काढा, नाशिकला न्या, बाटली लावली की उठून बसेल. मीही गाडीच शोधत होतो.

तेवढ्यात बाजारात आलेले एक वयस्क डॉक्टर गर्दीत शिरले. जवळच्या गावात त्यांचा जुना दवाखाना होता. त्यांनी बाटली मागितली नाही, बादली मागितली. गड्याचा सदरा काढला, अंगावर पाणी ओतायला लावले, दोघांना पुठ्ठ्याने वारा घालायला सांगितले. सरबतवाल्याकडचा बर्फ फडक्यात गुंडाळून मानेला, काखांत आणि जांघेत ठेवला. अंग निवल्यावरच त्याला गाडीत घालून रुग्णालयात नेऊ दिले. माणूस वाचला.

संध्याकाळी डॉक्टरांनी मला विचारले, "हा रक्तदाबाची गोळी घेतो, ते तुम्हाला माहीत होते?" मला माहीत नव्हते. "दोन वर्षांपूर्वी मीच चिठ्ठी लिहून दिली होती. त्यानंतर तो तपासायला आला नाही. तीच चिठ्ठी दाखवून गोळ्या घेत राहिला. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषध आहे. अशा उन्हात ती कमी करायची की बदलायची, हे कोणी तरी बघायला नको का?"

मी घरी येऊन वही उघडली. त्याच्याकडे माझी उचल किती बाकी आहे, हे मला रुपयापर्यंत ठाऊक होते. त्याच्या मुलीच्या लग्नाला किती दिले, तेही लिहिलेले होते. जी गोष्ट त्याच्या जिवाशी निगडित होती, तेवढीच माझ्या वहीत नव्हती. आजचा लेख त्या कोऱ्या रकान्याविषयी आहे.

पाऱ्यावर विसंबू नका

हरसूलकडचा व्यापारी म्हणतो, आपल्याकडे कुठे मालेगावसारखे ऊन आहे? हे अर्धेच खरे आहे. मालेगावात एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तितका तो डोंगरपट्ट्यात सहसा जात नाही. पण माणसाला मारणारे ऊन केवळ पाऱ्यात मोजता येत नाही.

१६ एप्रिल २०२३ हा दिवस आठवा. नवी मुंबईत खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. लाखो माणसे उघड्या मैदानात भर दुपारी बसली होती. त्या दिवशी तापमान सुमारे ३८ अंश होते. विदर्भातला माणूस ज्याला ऊनच म्हणणार नाही, असा हा आकडा. तरीही १४ जणांचा जीव गेला. हवेतला दमटपणा, डोक्यावर नसलेली सावली, तासन्‌तास एका जागी बसणे आणि प्रवासाचा शीण हे सगळे एकत्र आले. घाम नुसता आल्याने अंग निवत नाही, तो वाळल्याने निवते. हवा दमट असली की घाम वाळत नाही आणि शरीराची भट्टी आतल्या आत पेटत राहते.

म्हणूनच हवामान खात्याचे मोजमापही जागेनुसार बदलते. उष्णतेच्या लाटेचा विचार सपाट प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर गेले की सुरू होतो, किनारपट्टीवर ३७ अंशांवर आणि डोंगराळ भागात ३० अंशांवर. नेहमीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून जास्त वाढ झाली की ती लाट. शरीराला सवय कशाची आहे, हा मुख्य प्रश्न आहे.

आता आपली दुकाने बघा. वर पत्रा, मागे भिंत, पुढे रस्ता. हवामान खात्याचा पारा सावलीत, मोकळ्या वाऱ्यात टांगलेला असतो. आपला कारागीर पत्र्याखाली, भट्टीसमोर किंवा वेल्डिंगच्या ठिणग्यांसमोर असतो. बेकरीवाल्याला तर बाराही महिने मे महिना. यंत्रमागाच्या कारखान्यात हवा कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून खिडक्या बंद ठेवतात आणि ओलावा धरून ठेवतात. सुताला जे मानवते ते विणकराला मानवत नाही. रेडिओने ३९ अंश सांगितले म्हणून आपल्या दुकानात ३९ अंश आहेत, असे कोणी समजू नये.

उन्हाळ्याचे वेळापत्रकही आता राहिले नाही. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला सर्वांत उष्ण मार्च ठरला. सवय होण्याआधीच ऊन येते, ही त्यातली मेख आहे. शरीराला उन्हात काम करण्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. नवा गडी, आजारातून उठलेला कारागीर, सुट्टीवरून परतलेला माणूस यांना पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे असतात. आपण मात्र नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सर्वांत जड काम देतो, त्याची पारख करायला.

बाटली आणि बादली

उष्माघात म्हणजे नुसती चक्कर नव्हे. अंगाची उष्णता ४० अंशांच्या, म्हणजे १०४ फॅरनहाइटच्या वर जाते आणि मेंदूवर परिणाम होतो. माणूस बरळतो, चिडतो, झटके देतो, बेशुद्ध पडतो. अंग कोरडे पडते असे सांगतात. पण कष्टाचे काम करणाऱ्याला घाम येत असतानाही उष्माघात होतो. ओळखायची खूण एकच: उन्हात किंवा उकाड्यात असलेला माणूस विचित्र वागू-बोलू लागला, की तो उष्माघातच समजावा.

अशा वेळी नियम असा की आधी थंड करा, मग हलवा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, पाणी ओता, वारा घाला, बर्फ मिळाला तर मानेला, काखांत, जांघेत ठेवा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. तापाची गोळी देऊ नये. हा ताप आजाराचा नव्हे आणि त्या गोळीने तो उतरत नाही. हरसूलला ग्रामीण रुग्णालय आहे. पाड्यावरून तिथे पोहोचायलाही वेळ लागतो आणि नाशिक तर आणखी दूर. घाटातला तो वेळ मेंदू आणि मूत्रपिंड भाजून काढतो. म्हणून पहिले दवाखाने म्हणजे आपलीच दुकाने आहेत, हे लक्षात घ्या.

'बाटली लावा' हा आपल्या लोकांचा मोठा गैरसमज आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनच्या बाटलीत असते काय? पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. गंभीर रोग्याला, बेशुद्धाला, सतत उलट्या होणाऱ्याला ती जरूर लागते आणि ती डॉक्टरांनी ठरवावी. पण जो माणूस बोलतो आहे, गिळतो आहे, त्याला जलसंजीवनीची पुडी तेवढेच, किंबहुना अधिक देते. एक लिटर पाण्याच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि सायट्रेट २.९ ग्रॅम. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, सलाइन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा यांचे असेच द्रावण पिंपे भरून पाजले आणि पटकीच्या रोग्यांतले मृत्यू झपाट्याने खाली आणले. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रोग्याने मात्र हे डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

बाटलीचा हट्ट धरला की काय होते? शहाणा डॉक्टर नकार देतो आणि आपण त्याला सोडून जो लावतो त्याच्याकडे जातो. ना शिक्षण, ना नोंदणी, पण सुई हातात, असा माणूस आपल्याला 'हुशार' वाटतो. बोगस डॉक्टर आपल्याच हट्टावर जगतो.

ज्याचे नाव कुठल्याच यादीत नाही

उष्णतेच्या लाटेत मरतो कोण? म्हातारा, आजारी, गरीब, हे तर खरेच. पण जगभरच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट पुढे आली आहे. मरतो तो, ज्याची विचारपूस करणारा कोणी नसतो.

अमेरिकेत शिकागो शहरात जुलै १९९५ मध्ये उष्णतेची लाट आली आणि सातशेहून जास्त माणसे गेली. पुढे एरिक क्लिनेनबर्ग या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. शेजारशेजारच्या दोन वस्त्या. दोन्ही गरीब, दोन्हीकडे एकटे राहणारे वृद्ध पुष्कळ. पण एकीत मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या जवळजवळ दहापट. फरक काय होता? कमी मृत्यू झालेल्या वस्तीत रस्ते गजबजलेले होते, दुकाने उघडी होती, माणसे सौद्याला बाहेर पडत होती. दुसरीत दुकाने केव्हाच बंद पडली होती. म्हातारी माणसे भीतीने दारे-खिडक्या लावून बसली आणि आतच गेली. व्यापारी बांधवांनो, हा अभ्यास आपल्यासाठी आहे. चालू दुकान वस्तीचे प्राण राखते. रोज येणारी म्हातारी आज का आली नाही, हे सर्वांत आधी दुकानदाराला कळते.

दुसरा दाखला फ्रान्सचा. ऑगस्ट २००३ मध्ये तिथे सुमारे पंधरा हजार माणसे उष्णतेने दगावली, बहुतेक वृद्ध. रुग्णालये उत्तम, पैसा मुबलक, मग उणे काय पडले? ऑगस्ट हा तिकडे सुट्टीचा महिना. मुले गावाला, शेजारी गावाला आणि घरचे डॉक्टरही रजेवर. रोगी ज्याच्या ओळखीचा होता, तो माणूसच जागेवर नव्हता. त्यानंतर तिथल्या सरकारने जी योजना आखली तिचा एक भाग अगदी साधा आहे: एकटे राहणारे वृद्ध आणि अपंग यांची नावे नगरपालिकेने नोंदवून ठेवायची आणि लाट आली की त्यांना फोन करायचा. म्हणजे एक वही.

तिसरा दाखला आपल्या अगदी जवळचा. जून २०२४ च्या हजमध्ये मक्केत पारा ५१ अंशांच्या वर गेला. सौदी सरकारने सांगितलेला मृतांचा आकडा १,३०१. त्यातले दर शंभरांत त्र्याऐंशी जण परवान्याविना गेलेले होते. ज्यांची नोंद होती त्यांना तंबू, गार हवा, बस आणि गटाबरोबरची देखरेख मिळाली. ज्यांची नव्हती ते उन्हात मैलोन्‌मैल चालले. ऊन दोघांवर सारखेच पडले. यादीत नाव असणे आणि नसणे, एवढाच फरक पुष्कळांच्या बाबतीत निर्णायक ठरला.

आता हरसूलकडे परत या. आपला हमाल, आपला शिलाई कारागीर, पाड्यावरून बाजाराला पायी येणारी म्हातारी, हे आपल्या उधारीच्या वहीत आहेत. ते कोणत्या डॉक्टरच्या वहीत आहेत?

घरचा डॉक्टर उन्हाळ्यापूर्वी काय करतो

मोठे रुग्णालय माणूस पडल्यावर कामाला येते. घरच्या डॉक्टरचे काम माणूस पडू नये हे आहे आणि ते मार्चमध्येच करावे लागते. ही कामे कोणती, ते नीट समजून घ्या.

रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, काही हृदयाची गती मंद ठेवतात. थंडीत ज्या मात्रेने दाब नीट राहतो, त्याच मात्रेने उन्हाळ्यात तो फार खाली जाऊ शकतो. मनोविकाराची, अपस्माराची, ॲलर्जीची काही औषधे घाम कमी करतात. सांधेदुखीच्या गोळ्या, ज्या आपले किराणावालेही सर्रास विकतात, त्या कोरड्या पडलेल्या शरीरात मूत्रपिंडावर घाव घालतात. मधुमेह्याला लघवी जास्त होते, त्यात घाम, म्हणजे दुहेरी गळती. इन्सुलिन उन्हात निकामी होते. ज्याच्याकडे फ्रिज नाही त्याने ते मडक्याच्या ओल्या गारव्यात कसे ठेवायचे, हे दोन मिनिटांत दाखवता येते. यातले एकही काम यंत्राचे नाही. रोग्याला आधीपासून ओळखणाऱ्याचे आहे.

औषध मात्र कोणी आपल्या मनाने बंद करू नये. हा लेख वाचून गोळी सोडली आणि अर्धांगवायू झाला, असे होता कामा नये. बदल करायचा तो डॉक्टरांनीच.

रमजानबाबतही हेच. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०१९ साली तो जवळजवळ पूर्ण मे महिन्यात आला होता. फिरून तो उन्हाळ्यात येईलच. पण ऊनच आता लवकर सुरू होते, म्हणून मधुमेही, मूत्रपिंडाचे रोगी, गरोदर स्त्रिया यांनी रमजानपूर्वी महिनाभर आधी आपल्या डॉक्टरशी बोलावे. गोळ्यांच्या वेळा सेहरी-इफ्तारप्रमाणे बसवता येतात. कोणाला रोजा झेपेल आणि कोणाला नाही, हेही तो सांगू शकतो. आजाऱ्याला सवलत धर्मानेच दिलेली आहे. तिची वेळ ओळखायला वैद्य लागतो.

घरच्या डॉक्टरचे आणखी एक काम कोणाच्या ध्यानात येत नाही. एकाच आळीतले तीन रोगी एका दिवशी सारखी तक्रार घेऊन आले, तर ते सर्वांत आधी त्यालाच दिसते. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, हे नंतर आकडे जुळवल्यावर कळले. बहुतेकांच्या कागदावर हृदयविकार, ताप, अशक्तपणा असेच काही तरी लिहिलेले असते. उष्णतेचे नाव फारसे कुठे येत नाही. ज्याची नोंद नाही त्याची उपाययोजना नाही. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णतेविरुद्ध कृती-आराखडा केला. देशातला तो पहिला म्हणतात. त्यात आधी सूचना देणे, डॉक्टरांना शिकवणे आणि पुढे गरिबांच्या छपरांना पांढरा रंग देणे हेही आले. मोठ्या शहराला जे आराखड्याने करावे लागले, ते छोट्या गावात एक जागरूक डॉक्टर आणि चार जागरूक दुकानदार करू शकतात.

हा डॉक्टर आपणच गमावतो आहोत

जुना घरचा डॉक्टर आता दिसेनासा होत आहे. मुलगा शिकून विशेषज्ञ झाला, नाशिकला किंवा पुण्याला गेला. वडिलांचा दवाखाना बंद झाला. दोष नव्या पिढीलाच द्यावा असे नाही. आपण काय केले? गावातल्या डॉक्टरने तपासून, समजावून, गोळी न देता परत पाठवले तर त्याची फी आपल्याला जड वाटते. 'काही दिलेच नाही, मग पैसे कसले?' असे आपण विचारतो. तोच माणूस शहरात जाऊन पंधरा तपासण्यांचे बिल मुकाट्याने भरतो. कापडाच्या मीटरमागे घासाघीस समजू शकते. पण ज्ञानाच्या मापात काटा मारला तर ज्ञान गाव सोडून जाते.

आपल्या खेड्यांत दवाखाना चालवणारे बरेच डॉक्टर आयुर्वेदाचे, होमिओपॅथीचे किंवा युनानीचे पदवीधर आहेत. मालेगावात मन्सुरा येथे मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज आहे. युनानीचे पदवीधर तिथून निघतात. नाशिकमध्ये तर आरोग्य विज्ञान विद्यापीठच आहे. अशा तरुणांनी डोंगरपट्ट्यात यावे, असे वाटत असेल तर त्यांना गाळा, राहायला घर आणि पहिली दोन वर्षे भरवशाचे रोगी हवेत. या तिन्ही गोष्टी व्यापारी देऊ शकतो. नवा गाळा मोबाइलच्या दुकानाला देताना एकदा याचाही विचार व्हावा. अट एकच घालावी: त्याने नोंद ठेवावी, आपल्या मर्यादा ओळखाव्यात आणि ज्या रोग्याला रुग्णालय हवे त्याला वेळ न दवडता तिकडे धाडावे.

दुकानदाराने करायच्या गोष्टी

एक, प्रत्येक मालकाने आपल्या माणसांची यादी करावी. नाव, वय, कोणता आजार, कोणती गोळी, कोणता डॉक्टर. आजार सांगितला तर काम जाईल, ही भीती गड्याच्या मनातून आधी काढावी. नाही तर रकाना कोराच राहील. मार्चमध्ये एक दिवस ठरवून सगळ्यांना डॉक्टरकडे पाठवावे आणि फी दुकानाने द्यावी. एका कारागिराच्या तपासणीचा खर्च त्याच्या एका आठवड्याच्या गैरहजेरीपेक्षा कमीच पडतो.

दोन, नगावर मजुरी घेणारा कारागीर पाणी प्यायला उठत नाही, लघवीला जात नाही. उठला की नग कमी होतो. ही मजुरीच त्याला उन्हात बांधून ठेवते. एप्रिल-मेपुरती तरी विश्रांतीची वेळ ठरवून तिचे पैसे द्यावेत. शक्य तिथे काम सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी चार ते आठ ठेवावे. डोंगरातला आदिवासी शेतकरी दुपारी झाडाखाली बसतो, त्याला आपण आळशी म्हणतो. तो शहाणा आहे.

तीन, पत्र्यावर चुन्याचा जाड हात द्यावा. पांढरे छप्पर ऊन परतवते. खाली जुन्या गोणपाटाचे किंवा बांबूच्या तट्ट्याचे अस्तर लावावे. बांबूची हरसूलकडे वाण नाही आणि पाड्यावरच्या कारागिराला त्यातून कामही मिळेल.

चार, एक पिंप पाणी राखून ठेवावे, पिण्यासाठी नव्हे, अंगावर ओतण्यासाठी. या भागात पावसाळ्यात धो धो पाऊस आणि मे महिन्यात हंड्यासाठी पायपीट, हे दुर्दैव सर्वांना ठाऊक आहे. म्हणूनच ऐन वेळी पाणी मिळेल असे धरून चालू नये. सबील आपण हौसेने उभारतो, फलक लावतो, फोटो काढतो आणि पाचव्या दिवशी रांजण कोरडा असतो. त्यापेक्षा चार दुकानांनी वार वाटून घ्यावेत.

पाच, विकताना प्रामाणिक राहावे. जलसंजीवनीच्या नावाने रंगीत गोड पेयांचे डबे आपण वर्षानुवर्षे विकले. त्यांतली साखर पुडीच्या मापापेक्षा कितीतरी जास्त. जुलाबाच्या रोग्याला ती अपायच करते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने ठरलेल्या सूत्रात न बसणाऱ्या पेयांच्या नावात 'ओआरएस' हे शब्द वापरण्यास मनाई केली. जुना माल कोपऱ्यात असेल तर तो परत करावा, खेड्यातल्या गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये. बर्फाचेही तेच. खाण्याजोगा नसलेला बर्फ निळा दिसावा असा नियम २०१८ मध्ये आला, तो कारणाशिवाय नव्हे. सरबताच्या गाडीवर असा बर्फ घालून आपण उन्हाळ्याच्या रोग्यात जुलाबाचा रोगी मिळवतो.

नुकसान कोणाचे?

'दुपारची सुट्टी, वर पगार, वर डॉक्टरची फी. धंदा कसा चालायचा?' हा आक्षेप येणार आणि तो खोटा नाही. लहान दुकानाचा नफा पातळ असतो. पण हिशेब दोन्ही बाजूंनी मांडा. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली अंदाज केला की २०३० मध्ये भारतातील कामाच्या तासांपैकी ५.८ टक्के तास उष्णतेमुळे वाया जातील. म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ कामगारांचे काम. हे तास आपण दिले नाहीत तरी ऊन ते काढून घेतेच. आपण दिले तर विश्रांती म्हणून जातात, नाही दिले तर चुकीची शिलाई, बोटात घुसलेली सुई, उलटलेली मोटारसायकल आणि आजारपण म्हणून जातात. शिर सलामत तो पगडी पचास, ही म्हण पगडी विकणाऱ्यालाही लागू आहे.

शिवाय हरसूलसारख्या बाजारात व्यापारी आणि गिऱ्हाईक यांचे नाते नुसत्या पैशाचे राहिले तर ते पातळ होते. पाड्यावरचा माणूस मैलभर चालून दुकानाशी येतो. त्याला बसायला सावली, प्यायला पाणी आणि 'आज तुझा चेहरा बरा दिसत नाही, आधी डॉक्टरकडे जा' असे म्हणणारा एक माणूस भेटला, तर ते तो विसरत नाही. जाहिरात म्हणून हे करू नये. पण दुकानाची पत अशीच बांधली जाते.

माझ्या त्या गड्याविषयी सांगून संपवतो. तो पुन्हा कामावर आला, हलक्या कामावर. डॉक्टरांनी त्याची गोळी बदलली. त्या वर्षीपासून माझ्या वहीत उचल आणि जमा यांच्या शेजारी एक तिसरा रकाना आहे. त्यात आजार, गोळी आणि शेवटच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते. पहिल्या वर्षी मुनीम हसला. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःचे नाव त्यात लिहायला सांगितले. त्याला साखर निघाली होती आणि ते तो कोणाला सांगत नव्हता.

आपल्यापैकी प्रत्येकाकडे वही आहे. रेघ मारायला एक पट्टी आणि एक पेन्सिल लागते. येत्या उन्हाळ्याच्या आधी ती रेघ मारा.